माणसं नको म्हणणारा कॅप्टन

“चौऱ्याऐंशी.”

आमच्या कॅप्टनसाहेबांचा नमस्कार हा असा. समोरच्याला टाळूपासून चपलेपर्यंत एकदा न्याहाळायचं, डावा डोळा बारीक करायचा आणि त्याचं वजन सांगून मोकळं व्हायचं. किलोमध्ये. बाजार समितीत व्यापारी पोत्याकडे बघतो ना, अगदी तसं. संताप याचा यायचा की आकडा बरोबर असायचा. गणपतीत मंडळाच्या अध्यक्षांच्या सौभाग्यवती आरतीचं ताट घेऊन समोर आल्या आणि साहेबांनी सगळ्यांदेखत “एक्क्याण्णव” म्हटलं, तेव्हा टाळ वाजवणाऱ्यांचे हात हवेतच राहिले. त्या बाईंनी पुढं साहेब राहत होते तोवर आमच्या गल्लीचं तोंड पाहिलं नाही. भाजी आणायला त्या त्र्यंबकवरून वळसा घालून जात, असं मी आजही सांगतो आणि अजून कोणी मला खोटं पाडलेलं नाही.

एवढा तुच्छतेनं काठोकाठ भरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुम्ही म्हणाल, आमच्याही ओळखीत आहे एक. असेल. पण तुमचा माणूस काही माणसांना तुच्छ मानत असेल. आमचे कॅप्टन सबंध मनुष्यजातीला मानायचे आणि त्यात कोणालाही सवलत नव्हती.

नाशकात गंगापूर रोडला ते माझ्या समोरच्या बंगल्यात राहायचे. माझा तिथंच द्वारका चौकात ट्रॅव्हल्सचा धंदा. ‘ट्रॅव्हल्स’ म्हणजे एक जीप, एक टेम्पो आणि एक फोन, त्यातला फोन बहुधा बंद. नव्वदच्या दशकात साहेबांना मुंबईच्या विमानतळावर सोडायचं आणि चार-पाच दिवसांनी आणायचं काम माझ्याकडे होतं. सोडायचं ते मात्र झगमगत्या दारापाशी नाही. मागच्या बाजूला मालाचं गेट असतं, जिथं ट्रक उभे असतात आणि कुत्री झोपलेली असतात, तिथं. कारण आमचे कॅप्टन मालवाहू विमान उडवायचे. आत माणूस नाही, हवाईसुंदरी नाही, चहा नाही. नुसता माल.

आमच्या कॉलनीला हे पचायला जड गेलं. पायलट शेजारी राहायला आला म्हणून आधी लोकांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. कळल्यावर म्हणाले, “म्हणजे हवेतला ट्रकवालाच की!” आणि ज्या चेहऱ्यांनी आधी लाळ गाळली होती, त्याच चेहऱ्यांनी नाकं मुरडली. कॉलनी ही अशीच असते. शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, तेव्हा एका मास्तरांनी भर व्यासपीठावर विचारलं, “साहेब, आपल्या विमानात सुंदऱ्या किती?”

“एकही नाही,” साहेब म्हणाले. “परवा घोडे होते. सात. तुमच्यापेक्षा शांत.”

पुढच्या वर्षी पाहुण्याचा मानाचा नारळ एका बँक मॅनेजरला गेला.

घोड्यांवर त्यांचा फार जीव. म्हणायचे, “घोडा सभ्य. किती वाजता पोहोचणार, असं विचारत नाही.” एक दिवसाची कोंबडीची पिल्लं, द्राक्षं, गुलाब, यंत्रांचे सुटे भाग, सगळं त्यांनी वाहिलं. मालाच्या बाबतीत मात्र हा माणूस पिसाट. एकदा पिल्लांच्या पेट्या न्यायच्या होत्या आणि घोटीला मी चहाला थांबलो, तर माझ्या कपातला गरम चहा त्यांनी रस्त्यावर ओतला. “पिल्लं तिकडे थांबलीयत! तुमच्या चहासाठी?” मी म्हटलं, “साहेब, पिल्लांना घड्याळ कळतं का?” त्यावर माझ्याकडे बघून त्यांनी फक्त “बहात्तर” म्हटलं. असं की मला मरावंसं वाटलं.

जीपमध्येसुद्धा माणसं भरायची ती त्यांच्या हिशेबानं. एकदा त्यांच्या सासरची मंडळी चांदवडला सोडायची होती. मामी पुढे बसायला निघाल्या, तर साहेबांनी त्यांना उचलून मागच्या चाकावर आणलं. उचलून म्हणजे तोंडानं, पण मामींना ते उचलल्यासारखंच लागलं. “पुढे भार नको.” बारीक भाचा पुढे, मामा मधे, मामी मागे. पिंपळगावपर्यंत जीपमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही. पण खरं सांगू? गाडी लोण्यासारखी चालली.

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत शिक्षिका. हसऱ्या बाई. अशा माणसाशी संसार करणारी बाई एकतर संत असते नाहीतर बहिरी, असं मी समजत होतो. त्या दोन्ही नव्हत्या. त्यांची एकच इच्छा होती आणि ती त्या बिनधास्त सगळ्यांपुढे बोलायच्या. “लग्नाला बारा वर्षं झाली. नवरा पायलट. आणि मी यांच्या विमानात एकदाही बसलेली नाही. कोंबड्या बसल्या, भाऊ, मी नाही!”

कंपनीचा नियमच होता, मालाखेरीज आत कोणी नाही. कॅप्टनना त्या नियमाचा अभिमान.

आणि वहिनींचे वडील! चांदवडचे कांद्याचे व्यापारी. पांढरं धोतर, तोंडात सुपारी. जावयाचं नाव निघालं की ते सुपारी थुंकून बोलायचे, आधी नाही. “आमच्याकडं कांदा भराया हमाल लागतो, तिकडं पायलट लागतो. दुसरं काय हाय?”

दोन हजार चार-पाचच्या सुमारास देशात जो उठला तो विमान कंपनी काढत होता. पानटपरीला जास्त परवानग्या लागत. वैमानिक मिळेनात. त्याच वेळी साहेबांच्या मालवाल्या कंपनीनं मुंबईतला गाशा गुंडाळून आखातात जायचं ठरवलं. त्यांना म्हणाली, तिकडे या. वर्षातून एक महिना घरी. इकडे एका नव्या प्रवासी कंपनीनं मुंबईतच नोकरी देऊ केली. पगार दीडपट, दर दोन दिवसांनी घर, अंगावर पट्ट्यांचा कोट आणि वहिनींना विमानात फुकट जागा.

तुम्ही आणि मी असतो तर निर्णयाला किती वेळ लागला असता? साहेबांनी पंधरवडा लावला. बंगल्याच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सभा. सासरे मुद्दाम चांदवडहून आले. मी समोर राहतो म्हणून आपोआप सभासद.

“जावईबापू, डोकं हाय का ठिकाणावर?” सासरे. “बसणाऱ्या लोकांची गाडी मिळती, आन् तुम्ही टेम्पो चालवाया जाता?”

“लोक,” साहेब म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी अख्खी जनगणना थुंकून टाकली. “लोकांना बांधता येत नाही. तोलता येत नाही. तिकिटावर वजन नसतं, सरासरी धरतात. सरासरी! ही बाई आणि हा भाऊ, दोघांचं वजन एकच धरतात. आणि वर त्यांना गोड बोलायचं. उशीर झाला, माफ करा. हवा खराब, माफ करा. माल कधी तक्रार करत नाही.”

“माल वाट पण बघत नाही,” वहिनी म्हणाल्या.

 सासऱ्यांनी सुपारी चावायची थांबवली.

“मी शाळा सोडून आखातात येणार नाही,” वहिनींनी स्पष्ट सांगितलं. “तिकडे गेलात तर अकरा महिने तुम्ही मालाबरोबर आणि मी इथे भिंतींबरोबर. इकडची नोकरी घेतलीत तर दोघं एका घरात. ठरवा आता.”

साहेबांनी दुसऱ्या दिवशी प्रवासी कंपनीला होकार कळवला. कडुलिंबाचा रस प्यायलेल्या चेहऱ्यानं.

कॉलनीला लगेच प्रेमाचा पान्हा फुटला. जे ट्रकवाला म्हणत होते ते बंगल्यावर बर्फी घेऊन आले. साहेबांनी बर्फी घेतली आणि एकेकाचं वजन सांगून परत पाठवलं.

काही महिने प्रशिक्षणात गेले आणि मग वहिनींना बोलावणं आलं. मुंबई ते नागपूर. एकटीला धीर होईना म्हणून सासरे आणि मी, अशी वरात निघाली. साहेब आमच्याच जीपमध्ये. त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली. इतकी वर्षं कसारा घाटात हा माणूस मागच्या सीटवर घोरत असायचा. मी वळणं कशीही घेतली तरी याला पर्वा नाही. पण त्या दिवशी शेजारी वहिनी होत्या आणि हा ताठ जागा. प्रत्येक वळणाला उजवा पाय खाली दाबायचा, जिथं ब्रेक नव्हता तिथं. एक हात वहिनींच्या पुढे आडवा. वहिनी बाहेर माकडं बघत होत्या, त्यांच्या लक्षात नव्हतं. मी आरशात बघितलं आणि मनात म्हटलं, नवी नोकरी, घाबरलाय लेकाचा. म्हटलं बरं झालं.

विमानात आम्ही मधल्या रांगेत. सासरे खिडकीला, वहिनी मधे, मी कडेला. दार बंद व्हायच्या आधी पुढचा पडदा सरकला आणि साहेब बाहेर आले. पट्ट्यांचा कोट, टोपी, सगळं. दिसत होते रुबाबदार, नाकारणार नाही. लोकांना वाटलं, कॅप्टन स्वागताला आला. दोन-चार जणांनी नमस्कार केले. साहेबांनी एकाकडेही पाहिलं नाही. पहिल्या रांगेपासून सुरुवात केली आणि प्रत्येकाच्या पोटावरचा पट्टा धरून जोरात ओढून पाहायला लागले.

मालाच्या विमानात कॅप्टन निघण्याआधी जाळ्या आणि दोरखंड स्वतः ओढून बघतो म्हणे. इथं जाळ्या नव्हत्या, पोटं होती. एक मारवाडी काका “आई गं” करून ओरडले. एका बाईनं मुलाला छातीशी धरलं, तर मुलाचाही पट्टा ओढला. हवाईसुंदरी मागून “सर, सर” करत पळत होती. आमच्या रांगेशी आले. सासऱ्यांचा ओढला. माझा ओढला, दुपारचं जेवण घशाशी आलं. वहिनींचा ओढला. परत ओढला. पुन्हा एकदा ओढला. ओळखीची एक रेघ चेहऱ्यावर नाही. मग पुढच्या रांगेकडे.

“ओळख तरी दाखवायची!” मी वहिनींच्या कानात म्हटलं. त्या पट्ट्यावर हात ठेवून बसल्या.

मग घोषणा. इतर विमानांत काय काय सांगतात, उंची, हवा, शुभेच्छा. आमच्या विमानात आधी नुसती खरखर झाली, घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मग, “नागपूरला चाललोय. बसा.”

आणि काय नेलं त्यांनी! मी फुगवून सांगतो असा माझ्यावर आरोप असतो, पण देवाशपथ, सासऱ्यांच्या हातातला लिंबू सरबताचा पेला काठोकाठ भरलेला होता आणि नागपूरला चाकं टेकली तरी त्यातला थेंब हलला नव्हता. कदाचित सासऱ्यांनी आधी थोडं प्यायलं असेल. तेवढं सोडा.

चाकं टेकली, विमान अजून धावतंय, आणि तुम्हाला माहीतच आहे आपली जनता. खटाखट पट्टे सुटले. विमानात आग लागल्यासारखे सगळे उठले. डोक्यावरचे कप्पे उघडले, पिशव्या खाली, कोपरं एकमेकांच्या बरगड्यांत. मीही उठलो. विमानात पहिल्यांदा बसलेला माणूस दुसरं काय करणार? सगळे उठले की उठायचं, हीच आपली संस्कृती.

विमान थांबलं. इमारतीपाशी नाही. वाटेत, दोन्ही बाजूंना गवत अशा जागी.

खरखर झाली. “कॅप्टन बोलतोय. माल सुटलाय. परत बांधला जाईपर्यंत विमान हलणार नाही.”

हे त्यांनी तीन भाषांत सांगितलं आणि तिन्ही भाषांत प्रवाशांना माल म्हटलं.

काय गोंधळ माजला! पण मराठी माणूस शिव्या देत देत का होईना, बसतो. हळूहळू सगळे बसले. एक सोडून. पुढच्या भागात एक बडा कंत्राटदार होता, बोटांत अंगठ्या, कानाला फोन. तो बसेना. “मी कोण आहे माहीत आहे का?” हवाईसुंदरीनं हात जोडले. तो म्हणाला, “त्याला म्हणावं, तू गाडी चालव.” विमान तिथंच. आत उकडायला लागलं. लहान मुलं रडायला लागली. गवतातले बगळे आमच्याकडे बघत होते. त्या विमानात माझी निम्मी हयात गेली असं मला वाटलं.

आणि मी? मीही उभाच होतो, एक नव्हे दोन म्हणा. कंत्राटदाराच्या मागे दुसरा शहाणा. सासऱ्यांनी माझा शर्ट धरला आणि असा खाली ओढला की बटण तुटलं.

“बसा की! कळतं का तुम्हाला?” म्हातारा हळू आवाजात म्हणाला. “कांद्याचा ट्रक उलटतो तो वळणानं नाय. आतली चार पोती सुटी असत्यात म्हनून उलटतो. सुटा माल डायव्हरच्या पाठीत बसतो. जावयाचं बरोबर हाय.” मग मान वर करून सबंध विमानाला ऐकू जाईल असं पुढे ओरडला, “ओ दादा! पोतं हाय का तुम्ही? नाय ना? मग ऱ्हावा की एका जागी!”

लोक हसले. कंत्राटदार लाल झाला. पण बसला. विमान हललं.

चौथ्या दिवशी कंपनीचा निरोप आला. कंत्राटदाराची तक्रार होती, आणि त्याची वर ओळख मोठी होती. कॅप्टननी दोन ओळींची माफी लिहून द्यावी, प्रकरण मिटेल. नाहीतर घरी बसावं.

पुन्हा ओट्यावर सभा. या वेळी मी त्यांच्या बाजूनं बोललो, म्हणजे मला तसं वाटलं. “साहेब, दोन ओळी तर आहेत. तोंडानं म्हणायच्यासुद्धा नाहीत. आम्ही रोज दहा गिऱ्हाइकांची माफी मागतो, आमचं काय झिजलं?”

“त्रेसष्ट,” साहेब म्हणाले. मी वाळलो होतो तेव्हा.

 साहेबांनी मग आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं मत विचारलं. तेही विचारलं नाही, नुसतं वहिनींकडे बघितलं. आखातवाल्यांची जागा अजून रिकामी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. माफी मागितली तर घर, नाही मागितली तर अकरा महिने भिंती. वहिनींनीच तर ठरवून दिलं होतं ते.

वहिनी ताटात मटार सोलत होत्या. “त्या विमानात एवढी माणसं होती,” त्या म्हणाल्या. “सगळी यांना शिव्या देत होती. आणि एवढ्या माणसांत एकटे हेच होते, ज्यांना आमच्यातल्या कोणाचं डोकं फुटू नये असं वाटत होतं.” एक शेंग सोलून झाली. “माफी मागायची नाही.”

“मग आखात?” मी म्हटलं.

“मग आखात. शाळेला बिनपगारी रजा टाकते मी. नाही दिली तर तिकडे काय शाळा नाहीत?”

साहेब उठून आत गेले. मला वाटलं, आता आतून हुंदका वगैरे येईल. माणसाला अशा वेळी वाटतं तसं. थोड्या वेळानं ते बाहेर आले, हातात बॅगा तोलायचा काटा. म्हणाले, “माणशी तीस किलोच नेता येतं. भांडी इथंच ठेव.”

महिन्याभरात बंगला रिकामा झाला. दारावर ‘भाड्याने देणे’ लागलं. कॉलनीला सुटल्यासारखं झालं. अध्यक्षांच्या सौभाग्यवती गल्लीतून पुन्हा जाऊ लागल्या आणि मला सांगायला हरकत नाही, आता त्यांचं वजन कोणी सांगत नाही म्हणून त्या जास्तच खायला लागल्या. मलाही हायसं वाटलं. तिरस्कार करणारा माणूस समोर नसला की आपण फार चांगले आहोत असं वाटत राहतं.

कॅप्टन नंतर नाशकात आले नाहीत. मला तरी दिसले नाहीत. दोन वर्षांनी वहिनी एकट्या आल्या, चांदवडला भाचीचं लग्न होतं. मुंबईहून मीच आणलं. या वेळी झगमगत्या दारापाशी. घोटीला चहाला थांबलो. मी विचारलं, “काय म्हणतायत आमचे साहेब? आहेत तसेच का? तिकडच्या शेखांची वजनं सांगतात का?”

“सांगतात,” वहिनी हसल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, मी बसले यांच्या विमानात.”

“मालाच्या?”

“तिथली कंपनी लहान. पत्नीला परवानगी देते. यांच्या मागे एक घडीची खुर्ची असते, तिच्यावर. चार तास यांची मान बघत बसले. एक शब्द नाही, मागे वळून बघणं नाही. मला राग आला. आणि रागारागात मला झोप लागली.”

मी हसलो. म्हटलं, हे बरं झालं.

“जाग आली तेव्हा सगळं शांत होतं. विमान उभं. उतरल्याचं मला कळलंच नव्हतं. ऊन आत आलेलं. दुसरा पायलट उतरून गेलेला. मालाचं दार बंदच, खाली माल उतरवणारे गाड्या घेऊन उभे, हॉर्न वाजवतायत, हातवारे करतायत. कोणीतरी रेडिओवर ओरडत होतं, यांनी आवाज बारीक करून ठेवला होता. आणि हे तसेच खुर्चीत बसलेले, समोर बघत, हात मांडीवर.”

“किती वेळ?”

“ते सांगतील होय?” वहिनींनी कप खाली ठेवला. बाहेर रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती, त्यांच्याकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या.

“मागे गुलाब होते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “सगळं विमान भरून. उन्हात.”